गुणांवर भरवसा किती ठेवायचा? चाचणीची विश्वसनीयता आणि सप्रमाणता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतले शिक्षक, बी.एड.-एम.एड. करणारे विद्यार्थी आणि पालक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. कधी शिक्षण परिषदेत, कधी पालक सभा संपल्यावर व्हरांड्यात. उत्तरं क्रमानं वाचलीच पाहिजेत असं नाही, पण पहिली दोन वाचून पुढं गेलात तर बरं. बाकीचा डोलारा त्यांच्यावरच उभा आहे.

बी.एड.ला दोन्ही व्याख्या पाठ केल्या, पण विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांतला फरक डोक्यात बसला नाही. सोपं करून सांगाल का?

विश्वसनीयता म्हणजे गुण किती ठाम आहेत. तेच मूल, तेवढीच तयारी. पण परीक्षा सोमवारऐवजी गुरुवारी झाली, प्रश्न तशाच तोडीचे पण वेगळे आले, पेपर दुसऱ्या बाईंनी तपासला, तर गुण किती हलतील? फार हलत नसतील तर विश्वसनीयता चांगली. सप्रमाणता (काही पुस्तकांत हिलाच वैधता म्हटलेलं असतं) म्हणजे त्या गुणांवरून आपण जो निष्कर्ष काढतो, त्याला आधार किती.

आपल्याकडं उसाच्या काट्यावरून हे चटकन कळतं. भरलेली ट्रॉली एकाच काट्यावर तीनदा चढवली आणि तिन्ही वेळा वेगळं वजन आलं, तर काटा विश्वसनीय नाही. तिन्ही वेळा तंतोतंत तेच वजन आलं, पण दरवेळी दोन क्विंटल कमी, तर काटा विश्वसनीय आहे आणि तरीही शेतकरी बुडतो. इथवर सगळी पुस्तकं येतात. तिसरी शक्यता सहसा कुणी सांगत नाही: काटा चोख आहे, वजन खरं आहे, पण त्या वजनावरून कुणी म्हणालं की या उसाचा साखर उतारा चांगला आहे. वजन खरं, निष्कर्ष निराधार. उतारा काढायला प्रयोगशाळेत रस तपासावा लागतो. परीक्षांच्या बाबतीत आपले बहुतेक घोळ या तिसऱ्या प्रकारचे असतात.

म्हणजे ‘ही चाचणी सप्रमाण आहे’ असं म्हणायचंच नाही का?

एवढ्यावर थांबायचं नाही. कशासाठी सप्रमाण, ते पुढं जोडायचं.

पूर्वी सप्रमाणतेचे वेगवेगळे प्रकार मोजत असत: आशयाची, निकषाशी जुळण्याची, संरचनेची (संरचना म्हणजे तर्कक्षमतेसारखी डोळ्यांना न दिसणारी, पण मोजायची असलेली गोष्ट). बी.एड.च्या पेपरात अजून ‘प्रकार स्पष्ट करा’ असाच प्रश्न येतो. १९५५ मध्ये क्रॉनबाख आणि मील यांनी संरचना सप्रमाणतेची मांडणी केली. १९८९ मध्ये सॅम्युअल मेसिक यांनी हे सगळे धागे एकत्र आणले: सप्रमाणता एकच, तिचे पुरावे अनेक. आज जगभर वापरली जाणारी चाचण्यांविषयीची अमेरिकन मानकं (२०१४ ची आवृत्ती) हीच भूमिका घेतात. आशय, उत्तर देताना मुलाच्या डोक्यात चाललेली प्रक्रिया, चाचणीची अंतर्गत रचना, इतर मोजमापांशी संबंध आणि चाचणी वापरल्याचे परिणाम, असे पुराव्याचे पाच स्रोत त्यांत सांगितले आहेत.

व्यवहारात याचा अर्थ असा. पाचवीच्या बाईंनी अपूर्णांकांवर १५ गुणांची घटक चाचणी घेतली. कुणाला पुन्हा शिकवायचं हे ठरवायला ती उत्तम असू शकते. त्याच गुणांवरून मुलांची ‘हुशार तुकडी’ आणि ‘बाकीची तुकडी’ केली, तर पेपर तोच राहतो पण सप्रमाणतेचा प्रश्न नव्यानं उभा राहतो, आणि बहुधा उत्तर नकारार्थी येतं. शिक्षण परिषदेत कुणी विचारलं की ‘सर, हा पेपर कसा आहे?’, तर उलट विचारावं: गुण आल्यावर काय करणार आहात?

सप्रमाण आहे पण विश्वसनीय नाही, असं होऊ शकतं?

नाही. गुणच डळमळीत असतील तर त्यांवर काढलेला निष्कर्ष ठाम कसा असेल? गणितातही याला मर्यादा घातलेली आहे. विश्वसनीयता ० ते १ मधल्या गुणांकात सांगतात; १ म्हणजे गुण अजिबात हलत नाहीत. सहसंबंध म्हणजे दोन मोजमापं किती जोडीनं वरखाली होतात याचा आकडा, तोही फार तर १. चाचणीच्या गुणांचा बाहेरच्या कोणत्याही निकषाशी असलेला सहसंबंध विश्वसनीयता गुणांकाच्या वर्गमुळाच्या वर जाऊ शकत नाही. विश्वसनीयता ०.४९ असेल तर तो सहसंबंध फार तर ०.७०. उलट बाजूनं मात्र हमी नाही: विश्वसनीयता ०.९५ असली तरी सप्रमाणता शून्य असू शकते. मुलांच्या बुटांचे नंबर फार विश्वसनीयपणे मोजता येतात.

एकाच उत्तरपत्रिकेला दोन शिक्षक इतके वेगळे गुण कसे देतात? आमच्या शाळेत यावरून भांडणं होतात.

भांडण जुनं आहे. १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या नकला शाळांना पाठवल्या. १४२ शिक्षकांनी तपासलेल्या उत्तरपत्रिका त्यांनी विचारात घेतल्या. एकीला १०० पैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण मिळाले होते, दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. लोक म्हणाले, भाषेचा विषय आहे, आवडीनिवडी आल्याच. मग त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिथला फरक आणखी मोठा निघाला. कुणी फक्त उत्तर पाहिलं, कुणी पायऱ्यांचे गुण दिले, कुणी नीटनेटकेपणाचे कापले.

दहावी-बारावीला मंडळानं यावर उतरंड उभी केली आहे: परीक्षक, त्यावर नियामक, त्यावर मुख्य नियामक. आपले दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात. तिथं काम केलेल्या कुणालाही विचारा, नमुना उत्तरांवरची सुरुवातीची चर्चा किती वेळ चालते ते. तो वेळ वाया जात नाही, विश्वसनीयता तिथंच घडते. शाळेत आपण नेमकी तीच पायरी गाळतो. पेपर काढणारा गुणदान योजना मनात ठेवतो आणि तपासणाऱ्यानं ती ओळखावी अशी अपेक्षा करतो.

शाळेच्या पातळीवर काय करता येईल, ते माझ्या पसंतीच्या क्रमानं सांगतो. एक, पूर्ण उत्तरपत्रिका तपासून बाजूला ठेवण्याऐवजी सगळ्या मुलांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं तपासा. पहिल्या निबंधानं खूश झालेलं मन मग पुढच्या व्याकरणात सैल पडत नाही. दोन, नाव झाकता आलं तर झाका. गावातल्या शाळेत अक्षरावरून मूल ओळखू येतं हे मान्य, पण प्रयत्न करायला हरकत नाही. तीन, दोघांनी तपासायचं असेल तर आधी त्याच पाच उत्तरपत्रिका दोघांनी स्वतंत्रपणे तपासाव्यात, आणि जिथं दोनपेक्षा जास्त गुणांचा फरक पडेल तिथं थांबून का ते बोलावं. बाकी ४० उत्तरपत्रिका मग पटापट होतात.

एक सावधगिरी. दोन परीक्षकांच्या गुणांचा सहसंबंध ०.९५ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. एक जण प्रत्येक मुलाला नेमाने पाच गुण कमी देत असेल, तरी सहसंबंध उत्तमच येतो, कारण सहसंबंध क्रम पाहतो, हात आखडता आहे की सैल ते पाहत नाही. दोघांच्या सरासऱ्याही शेजारी शेजारी ठेवून बघा. ज्या तुकडीचे पेपर कडक हाताकडं गेले, तिला सहसंबंधाचा काय उपयोग?

वर्गातल्या चाचणीचा विश्वसनीयता गुणांक मला स्वतःला काढता येईल का?

येईल, आणि एक्सेल असेल तर अर्ध्या तासात. पुस्तकांत चार पद्धती असतात. पुनर्परीक्षण, म्हणजे तीच चाचणी पंधरा दिवसांनी पुन्हा. मुलांना प्रश्न आठवतात आणि तोवर आपण शिकवलेलंही असतं. समांतर चाचणी, म्हणजे तोडीस तोड दुसरा पेपर. एक चांगला पेपर काढताना जीव जातो, दुसरा कोण काढणार. त्यामुळं वर्गशिक्षकाला उरतात अर्धविच्छेदन आणि अंतर्गत सुसंगती.

अर्धविच्छेदन असं करा. प्रत्येक मुलाची ओळ, प्रत्येक प्रश्नाचा स्तंभ. विषम क्रमांकाच्या प्रश्नांची बेरीज एका स्तंभात, सम क्रमांकांची दुसऱ्यात. दोन स्तंभांचा सहसंबंध काढा. तो अर्ध्या चाचणीचा सहसंबंध असतो, म्हणून स्पिअरमन-ब्राऊन सूत्र लावायचं: दुप्पट सहसंबंधाला एक अधिक सहसंबंधानं भागा. सहसंबंध ०.६० आला तर १.२० भागिले १.६०, म्हणजे ०.७५.

अंतर्गत सुसंगती म्हणजे सगळे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते. सगळे प्रश्न बरोबर-चूक प्रकारचे असतील तर त्यासाठी १९३७ मधलं कुडर-रिचर्डसन यांचं के.आर.-२० हे सूत्र आहे. प्रश्नांना कमीजास्त गुण असतील तर क्रॉनबाख यांचा अल्फा (१९५१). अल्फाबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. अल्फा मोठा आला म्हणजे चाचणी एकच क्षमता मोजते असं सिद्ध होत नाही. भरपूर प्रश्न असले तर दोन-तीन क्षमतांची खिचडीही मोठा अल्फा देते.

आणि ४० मुलांच्या वर्गावरून काढलेला गुणांक स्वतःच डळमळीत असतो. वरच्या उदाहरणातला ०.६० हा पुढच्या वर्षी, तसल्याच वर्गात, ०.४० किंवा ०.८० सुद्धा येऊ शकतो. दशांशाच्या दुसऱ्या स्थळावरून निर्णय घेऊ नका.

गुणांक किती आला म्हणजे पुरे?

कामावर अवलंबून. उद्या वर्गात काय पुन्हा शिकवायचं एवढंच ठरवायचं असेल तर ०.७० च्या आसपास चालून जातं. चूक झाली तर परवा दुरुस्त करता येते. मुलाचा प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरी ठरणार असेल तर ०.९० च्या खाली समाधान मानू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे.

वाढवायचा सोपा उपाय म्हणजे चांगले प्रश्न वाढवणं. १० प्रश्नांच्या चाचणीचा गुणांक ०.५० असेल, तर तशाच दर्जाचे २० प्रश्न केल्यास तो साधारण ०.६७ होतो आणि ४० केल्यास ०.८०. ‘तशाच दर्जाचे’ हे महत्त्वाचं. जागा भरायला टाकलेले प्रश्न उलट नुकसान करतात, आणि दुसरीच्या मुलाला ४० प्रश्न दिले तर शेवटचे १० थकवा मोजतात.

आमच्या मुलीची निवड दोन गुणांनी हुकली. ती खरंच मागं पडली का?

हा प्रश्न जानेवारी ते जूनच्या दरम्यान सगळ्यात जास्त येतो. सरळ उत्तर: दोन गुणांवरून ते सांगता येत नाही.

प्रत्येक गुणाभोवती अनिश्चिततेचा एक पट्टा असतो. त्याचं माप म्हणजे मापनाची प्रमाण त्रुटी. ती काढायला गुणांच्या प्रमाण विचलनाला, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाला, (एक वजा विश्वसनीयता) याच्या वर्गमुळानं गुणायचं. समजा १०० गुणांच्या परीक्षेत प्रमाण विचलन १५ आहे आणि विश्वसनीयता ०.८४, जी वाईट नाही. एकातून ०.८४ गेले ०.१६, त्याचं वर्गमूळ ०.४, गुणिले १५, म्हणजे त्रुटी ६ गुणांची. ज्या मुलाला ६२ मिळाले त्याचा खरा गुण ५६ ते ६८ च्या दरम्यान असावा, असं म्हणताना तीनपैकी साधारण दोन वेळा आपण बरोबर असू. दोन मुलांतल्या फरकाची त्रुटी तर आणखी मोठी, या उदाहरणात जवळजवळ साडेआठ गुण. तिथं दोन गुणांचं काय घेऊन बसलात?

मग संस्था रेषा कशासाठी ओढतात? जागा मोजक्या असतात म्हणून. ६२ वाल्याला घ्यायचं आणि ६० वालीला नाही, हा जागावाटपाचा निर्णय झाला. तो नियमानं आणि सगळ्यांना सारखा लागू व्हावा एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. घरी आल्यावर त्याला बुद्धीचा निकाल समजून मुलीला ऐकवायला जाल, तर त्या गुणावर त्याच्या ताकदीपलीकडचं ओझं टाकाल. उतारा आणि वजन, पुन्हा तेच.

गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकनाची सोय जिथं आहे तिथं जरूर वापरा. पण बेरजेची चूक सापडणं वेगळं आणि ही अनिश्चितता वेगळी. दुसरी कोणत्याही पडताळणीत नाहीशी होत नाही.

संविधान तक्ता (पेपरचा आराखडा) केला की सप्रमाणता आली ना?

आशयाच्या बाजूचा एक पुरावा आला. घटकाला किती भार, ज्ञान-आकलन-उपयोजनाला किती, प्रश्नप्रकार कोणते, हे आधी ठरलं की सगळा पेपर पहिल्या तीन धड्यांवर काढण्याचा मोह टळतो. पण अनेक शाळांत आधी पेपर निघतो आणि तपासणी आहे म्हणून तक्ता मागाहून भरला जातो. अशा तक्त्यात ‘उपयोजन’ म्हणून लिहिलेला प्रश्न पाहिला तर तो मार्गदर्शकातलं सोडवलेलं उदाहरण असतो, आकडेसुद्धा तेच. मुलानं तो आठवणीनं लिहिला. तक्ता म्हणतो उपयोजन, मोजलं गेलं स्मरण.

ओळखायचा उपाय तक्त्यात नाही, मुलाशेजारी बसण्यात आहे. तीन-चार मुलांना प्रश्न सोडवताना मोठ्यानं बोलायला सांगा. ‘हे आम्हांला दिलंय वहीत’ असं पहिलंच वाक्य आलं की समजा.

गणितात हुशार मुलं शाब्दिक उदाहरणांत का अडकतात? हा चाचणीचा दोष की मुलांचा?

बरेचदा चाचणीचा, आणि आपल्या जिल्ह्यांत तो विशेष दिसतो.

जत तालुक्यात अनेक घरांत कन्नड बोललं जातं. तिथं जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. असं मूल मराठी शाळेत असेल आणि गणिताचं उदाहरण चार ओळींच्या मराठीत असेल, तर गुण दोन गोष्टी मिसळून मोजतो: भागाकार आणि मराठी वाचन. विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली कुटुंबं तमिळनाडू-केरळपासून उत्तरेपर्यंत पसरलेली आहेत. त्यांची मुलं कधी सहावीत, कधी आठवीत गावी परततात. आकडेमोड झकास, पण ‘शेकडा’, ‘दरसाल दरशेकडा’, ‘सव्वापट’ हे शब्द त्यांनी ऐकलेलेच नसतात. हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं तर वर्षाच्या मध्यावर वर्गात येतात आणि आल्या आल्या चाचणीला बसतात.

याला मोजमापाच्या भाषेत संरचनेबाहेरचा प्रभाव म्हणतात. मोजायचं एक असतं आणि गुण हलवतं दुसरंच. विश्वसनीयता गुणांक याचा सुगावा लागू देत नाही. मराठी न समजणं हे आजही असतं आणि गुरुवारीही असतं, म्हणून गुण अगदी ठामपणे चुकीचे येतात.

तपासायचं असं: तीच पाच उदाहरणं दोन रूपांत द्या, एकदा शब्दांत, एकदा नुसत्या आकड्यांत. आकड्यांत पाचही बरोबर आणि शब्दांत एकच, तर त्या मुलाला भागाकार पुन्हा शिकवून काही होणार नाही. किंवा प्रश्न वाचून दाखवा आणि ‘काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग’ म्हणा.

स्थानिक संदर्भ टाकला की काम झालं, असंही नाही. अपार्टमेंटची लिफ्ट काढून तासगावच्या बेदाणा सौद्याचं उदाहरण घातलं, तर व्यापाऱ्याच्या मुलीला ते सोपं जाईल आणि कोयना खोऱ्यातल्या मुलाला लिफ्टइतकंच परकं. संदर्भ सगळ्यांना माहीत असलेला हवा, नाहीतर नकोच. आणि वाक्यं छोटी हवीत. अर्थात शाब्दिक उदाहरण समजून घेणं हेच जर उद्दिष्ट असेल, तर भाषा हा चाचणीचाच भाग झाला. मग निकाल सांगताना ‘भागाकार येत नाही’ असं म्हणू नका.

बहुपर्यायी प्रश्न जास्त विश्वसनीय असतात म्हणे. मग सगळे पेपर तसेच का नकोत?

तपासणीतला मानवी फरक संपतो आणि तेवढ्याच वेळात जास्त प्रश्न विचारता येतात, म्हणून गुणांक वाढतो. खरं आहे. शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरात ७५ प्रश्न आणि १५० गुण बसतात ते याच जोरावर.

पण अंदाज आहेच. चार पर्यायांच्या ७५ प्रश्नांना डोळे मिटून गोळे केले तर सरासरीनं अठरा-एकोणीस बरोबर येतात, म्हणजे सुमारे ३७ गुण. आठवीच्या शिष्यवृत्तीत काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय ठेवत, त्यामागं हाही विचार होता: चारांतून नेमकी बरोबर जोडी अंदाजानं लागण्याची शक्यता चारात एक नसून सहात एक होते. मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. पत्र लिहिता येतं का हे पाहायचं असेल तर पत्र लिहूनच घ्यावं लागतं. मायन्याचे चार पर्याय देऊन मायना ओळखता येतो एवढंच कळतं. विश्वसनीयतेसाठी सप्रमाणता विकण्याचा हा सौदा आपण फार सहज करतो.

वर्षभर सराव संच सोडवून घेतले तर गुण वाढतात. यात वाईट काय?

थोडा सराव चांगलाच आहे, आणि तो सप्रमाणता वाढवतो. ज्या मुलीनं उत्तराचा गोळा कधी काळा केलेला नाही, वेळ लावून पेपर सोडवलेला नाही, तिचे गुण तिच्या अभ्यासापेक्षा तिच्या अनोळखीपणामुळं कमी येतात. दोन-तीन सराव पेपरांत ते निघून जातं.

त्यापुढं मात्र उलटी गंगा सुरू होते. साताऱ्यात १९६१ मध्ये सुरू झालेली सैनिक शाळा देशातली पहिली. तिच्या आणि नवोदयच्या प्रवेशासाठी आपल्याकडं चौथी-पाचवीपासून जी तयारी चालते, ती सगळ्यांना ठाऊक आहे. सैनिक शाळांच्या सहावी प्रवेश परीक्षेत ३०० पैकी १५० गुण एकट्या गणिताला. आकृत्यांच्या मालिकांचे ठरावीक चाळीस-पन्नास नमुने असतात. ते घोटून घेतले की मूल आकृती पाहून विचार करत नाही, नमुना ओळखतं. गुण वाढले, पण ज्या तर्कक्षमतेसाठी प्रश्न बनवला होता ती आता त्या गुणातून दिसत नाही. डोनाल्ड कॅम्बेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात हेच सार्वत्रिक रूपात मांडलं होतं: एखाद्या आकड्यावर जितके निर्णय टांगाल, तितका तो आकडा आणि त्यानं जे मोजायचं ते दोन्ही बिघडत जातं.

पालकांनी करून पाहण्यासारखी एक चाचपणी. मुलानं सराव संचातलं उदाहरण सोडवलं की तेच उलटं करून विचारा. नफा काढता आला का? आता नफा सांगतो, खरेदी काढ. गडबडलं तर संचांची संख्या वाढवू नका.

आणि शाळेच्या फलकावर ‘शिष्यवृत्तीधारक इतके’ असं रंगवून त्यावरून शाळेचा दर्जा ठरवणं हा निष्कर्ष तर त्या परीक्षेनं कधी दिलेलाच नव्हता. निवडक मुलांना जादा तास देऊन तो आकडा वाढतो, बाकीचा वर्ग तिथंच असतो.

दहावीच्या अंतर्गत २० गुणांत सगळ्यांना १८-१९ मिळतात. मग त्या गुणांना अर्थ काय?

फारसा नाही. सगळ्यांचे गुण एकाच ठिकाणी गोळा झाले की मुलामुलांतला फरक उरत नाही, आणि फरक नसेल तर विश्वसनीयता मोजायलाच काही राहत नाही. वाईट याचं वाटतं की कल्पना चांगली होती: तोंडी, प्रात्यक्षिक, स्वाध्याय, म्हणजे ८० गुणांच्या लेखी पेपरात जे मावत नाही ते मोजायचं. सप्रमाणतेच्या दृष्टीनं ते २० गुण सगळ्यात मौल्यवान ठरू शकले असते. निकाल, पटसंख्या, शेजारच्या शाळेशी तुलना हे सगळं ज्या शिक्षकाच्या डोक्यावर आहे, त्याच्याच हातात गुण दिले की ते वर सरकणार. शिक्षकाला दोष देऊन उपयोग नाही.

‘असर’ किंवा ‘परख’च्या अहवालात जिल्ह्याचे आकडे येतात. त्यावरून आमच्या शाळेचं काही कळतं का?

नाही. ‘असर’ हे ग्रामीण भागातलं घरोघरी जाऊन केलेलं नमुना सर्वेक्षण आहे, २००५ पासूनचं. मुलाला समोर बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट वाचायला लावतात. ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांसाठी निवडक शाळांत झालं. दोन्हींची रचना मोठ्या समूहाबद्दल बोलण्यासाठी आहे. त्यात तुमच्या शाळेतली मुलं आली असतील किंवा नसतीलही. ‘असर’ची वाचन तपासणी मात्र वर्गात जरूर उचलावी: एका मुलाला पाच मिनिटं लागतात आणि लेखी पेपर जे लपवतो ते दिसतं.

एम.एड.च्या प्रबंधासाठी चाचणी तयार केली आणि पाच तज्ज्ञांना दाखवली. सप्रमाणता झाली असं लिहू का?

‘तज्ज्ञांना दाखवली’ एवढंच लिहाल तर तेवढंच झालंय. तज्ज्ञांनी प्रत्येक प्रश्नाला कोणत्या उद्दिष्टाखाली टाकलं, किती जण सहमत होते, कोणते प्रश्न त्यांच्या सांगण्यावरून काढले, हे लिहा. तो आशयाचा पुरावा. मार्गदर्शकांच्याच महाविद्यालयातले पाच जण ‘उत्तम’ असा शेरा देऊन मोकळे झाले असतील तर तो शिष्टाचार. शिवाय दुसऱ्या कुणाची प्रमाणित चाचणी वापरताना तिच्या पुस्तिकेतला गुणांक उतरवून थांबू नका. तो त्या गटावरचा आहे. मिरजेच्या तुमच्या ६० मुलांवर पुन्हा काढा.

प्रश्न चांगला होता की नाही, हे निकालानंतर कसं ओळखायचं?

दोन आकडे पुरतात. काठिण्य मूल्य: ४० पैकी ३० जणांनी बरोबर सोडवला तर ०.७५, म्हणजे सोपा. (नाव काठिण्य, पण आकडा मोठा तर प्रश्न सोपा, परीक्षेत इथं हमखास गफलत होते.) दुसरा भेद मूल्य, म्हणजे प्रश्न वरच्या आणि खालच्या मुलांत किती फरक दाखवतो ते: एकूण गुणांनी वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के घ्या, ४० च्या वर्गात ११-११. वरच्यांतल्या ९ जणांना आणि खालच्यांतल्या ४ जणांना जमला, तर ९ वजा ४ भागिले ११, म्हणजे ०.४५; प्रश्न छान आहे. हा आकडा ऋण आला, म्हणजे खालच्यांना जमला आणि वरच्यांना नाही, तर आधी उत्तरसूची तपासा. दहातल्या आठ वेळा सूचीच चुकलेली असते किंवा दुसरा पर्यायही बरोबर असतो, आणि हुशार मुलानं तो पाहिलेला असतो.

प्रश्नच चुकीचा छापला गेला तर सगळ्यांना गुण देणं योग्य का?

सगळ्यांना दोन गुण देणं आणि प्रश्न रद्द करणं यांत क्रमाच्या दृष्टीनं काही फरक नाही. उत्तीर्ण होण्याच्या रेषेच्या दृष्टीनं मात्र आहे: ३५ ची रेषा तिथंच राहते आणि प्रत्येक जण दोन पायऱ्या वर सरकतो. ‘ज्यांनी प्रयत्न केला त्यांनाच गुण’ हा नियम ऐकायला न्याय्य वाटतो, पण ज्या मुलीनं प्रश्न चुकीचा आहे हे ओळखून तो सोडला आणि पुढं गेली, तिलाच तो शिक्षा करतो. त्यापेक्षा सगळ्यांना द्यावेत. आणि त्या प्रश्नात दहा मिनिटं घालवून शेवटचा प्रश्न राहून गेलेल्या मुलाची भरपाई दोन्ही पद्धतींत होत नाही, हे निकाल जाहीर करणाऱ्यानं लक्षात ठेवावं.